अ‍ॅटनबरो : एका आडनावाचा माग

१९८२ साली प्रदर्शित झालेला ‘गांधी’ हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. काहींनी तर शाळेच्या सहलीबरोबर रांगेत बसून पाहिला असेल. त्याचे दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो. त्यांचे धाकटे भाऊ डेव्हिड अ‍ॅटनबरो यांना प्राणी आणि वनस्पती यांच्यावरील दूरदर्शन मालिकांमुळे जगभरचे विद्यार्थी ओळखतात. दोघा भावांमुळे हे आडनाव आपल्याला इतके परिचयाचे झाले आहे की इंग्लंडात गल्लोगल्ली अ‍ॅटनबरो राहत असतील असे वाटावे. प्रत्यक्षात ते तिथले एक दुर्मीळ आडनाव आहे. स्मिथ, जोन्स, टेलर ही आडनावे लावणारे लाखोंनी सापडतात, अ‍ॅटनबरो मात्र शोधावे लागतात.

शिक्षकांच्या एका शिबिरात आनुवंशिकतेवर बोलत असताना मला एका बाईंनी विचारले होते, “सर, एकाच आडनावाची माणसे एकाच रक्ताची असतात का?” प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात देता येत नाही. इंग्लंडमधील दुर्मीळ आडनावांवर या प्रश्नाचा फार पद्धतशीर अभ्यास झाला आहे. अ‍ॅटनबरो हे त्यांपैकीच एक आडनाव. त्याचा माग काढत गेलो तर इतिहास, भूगोल, गणित आणि जीवशास्त्र हे चारही विषय वाटेत भेटतात.

गाव ओलांडले की आडनाव

इंग्लंडच्या मध्यभागी नॉटिंगहॅम हे शहर आहे. त्याच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठी अ‍ॅटनबरो नावाचे गाव आहे. आज तिथे वाळू-खडीच्या जुन्या खाणींत पाणी साचून झालेली तळी आहेत आणि त्यांभोवती पक्ष्यांसाठी राखलेले निसर्ग-उद्यान आहे. १९६६ साली त्याचे उद्‌घाटन डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्याच हस्ते झाले. गावाच्या नावाचा शेवटचा भाग ‘बरो’ हा जुन्या इंग्रजीतील ‘बुर्ह’ या शब्दापासून आला आहे. बुर्ह म्हणजे तटबंदी असलेली जागा. पहिला भाग बहुधा अड्डा किंवा त्यासारखे नाव असलेल्या एखाद्या माणसाचा असावा. थोडक्यात, ‘अड्डाची गढी’.

गावावरून आडनाव पडण्याची रीत आपल्याला नवी नाही. साताऱ्यात कोणी कोणाला सातारकर म्हणत नाही. साताऱ्याचा माणूस पुण्याला जाऊन राहिला की तो सातारकर होतो. इंग्लंडातही तसेच घडले. अ‍ॅटनबरो गावातून निघून कोणी तरी शेजारच्या गावी स्थायिक झाला, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला त्याच्या गावाच्या नावाने हाक मारली असणार. गाव सोडणाऱ्या माणसालाच गावाचे नाव चिकटते. म्हणून अशा आडनावाचे लोक मूळ गावापेक्षा त्याच्या आसपासच्या पाच-पंचवीस मैलांत जास्त सापडतात.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर आधी जमीनदारांमध्ये आणि मग हळूहळू सामान्य लोकांमध्ये वंशपरंपरागत आडनावांची चाल पडली. साधारण १२५० ते १४०० या काळात इंग्लंडच्या बऱ्याच भागांत ती रुळली. सरकारला कर वसूल करायचा तर कोणता जॉन आणि कोणता विल्यम हे कळायला हवे होते. १३७७, १३७९ आणि १३८१ साली बसवलेल्या डोईपट्टीच्या याद्या आडनावांच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतात. १५३८ पासून चर्चच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी ठेवण्याचा हुकूम निघाला आणि घराण्यांचा माग काढणे आणखी सोपे झाले.

इंग्रजी आडनावांचे ढोबळ मानाने चार प्रकार पडतात. गावावरून किंवा जागेवरून पडलेली, धंद्यावरून पडलेली, बापाच्या नावावरून पडलेली आणि टोपणनावावरून पडलेली. यातला फरक आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. स्मिथ म्हणजे लोहार. लोहार गावोगाव होते, त्यामुळे हे आडनाव शेकडो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्माला आले. लहानशा गावावरून पडलेले आडनाव मात्र एकदाच, फार तर दोन-चारदाच सुरू झाले असण्याची शक्यता असते. दुर्मीळ आडनावांकडे संशोधकांचे लक्ष गेले ते यामुळेच.

नकाशावर आडनाव

आडनावांचा भूगोल पद्धतशीरपणे मांडण्याचा मोठा प्रयत्न हेन्री ब्रौअम गप्पी या निसर्गशास्त्रज्ञाने केला. त्याचे पुस्तक १८९० साली निघाले. त्याने प्रत्येक परगण्यातील शेतकऱ्यांची नावे मोजली आणि दहा हजारांत कोणत्या आडनावाचे किती शेतकरी आहेत याचे कोष्टक तयार केले. शेतकरीच का निवडले? कारण व्यापारी, कारागीर आणि मजूर पोटासाठी शहरे पालथी घालतात, पण शेतकरी सहसा जमीन सोडत नाही. गंमत म्हणजे गप्पी हे आडनावही असेच एका जागेवरून पडलेले आहे. ती जागा इंग्लंडच्या दक्षिणेकडील डॉर्सेट परगण्यात आहे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपण हौदात सोडतो त्या गप्पी माशाला त्रिनिदाद बेटावरच्या दुसऱ्या एका गप्पींचे नाव मिळाले आहे.

गप्पीने हातांनी केलेले काम आता संगणक करतो. इंग्लंडमध्ये ३ एप्रिल १८८१ च्या रात्री झालेल्या जनगणनेतील सर्व नावे नंतर स्वयंसेवकांच्या मदतीने संगणकावर उतरवण्यात आली. इंग्लंड आणि वेल्स मिळून सुमारे २ कोटी ६० लाख लोकांची ही नोंद आहे. त्यावरून कोणत्याही आडनावाचा नकाशा काढता येतो. स्मिथांचा नकाशा काढला तर जवळजवळ सगळा देश भरून जातो. अ‍ॅटनबरोंचा काढला तर ठिपके नॉटिंगहॅमशर आणि शेजारच्या डर्बीशर या परगण्यांत दाट होतात. आडनाव पडल्यानंतर पाच-सहाशे वर्षे उलटली होती, रेल्वे आली होती, कारखाने निघाले होते, तरीही आडनाव आपल्या मूळ गावाभोवती घुटमळत होते. रिचर्ड आणि डेव्हिड यांचे वडील फ्रेडरिक यांचा जन्म १८८७ साली स्टेपलफर्ड येथे झाला. हे ठिकाण अ‍ॅटनबरो गावापासून जेमतेम चार-पाच किलोमीटरवर आहे!

आडनावे का मरतात?

आडनाव दुर्मीळ असण्याचे एक कारण म्हणजे ते एकाच ठिकाणी सुरू झाले. दुसरे कारण आहे निव्वळ योगायोग. मुलगे झाले नाहीत की बापाचे आडनाव पुढे जात नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील नामवंत घराण्यांची आडनावे नाहीशी होत आहेत असे पुष्कळांच्या लक्षात आले. बुद्धिमान किंवा श्रीमंत लोकांची प्रजननक्षमता घटते की काय, अशी शंका घेतली जाऊ लागली. फ्रान्सिस गाल्टन याने वेगळा प्रश्न विचारला. असा कोणताही ऱ्हास नसताना केवळ योगायोगाने किती आडनावे नाहीशी होतील? हे गणित त्याने १८७३ साली ‘एज्युकेशनल टाइम्स’ या शिक्षकांच्याच नियतकालिकात वाचकांपुढे ठेवले. हेन्री विल्यम वॉटसन या गणिती धर्मोपदेशकाने ते सोडवले. वॉटसनची रीत बरोबर होती, पण एका ठिकाणी तो चुकला. सर्वच आडनावे शेवटी नष्ट होणार असा निष्कर्ष त्याने काढला. खरे उत्तर असे आहे की प्रत्येक पुरुषामागे मुलग्यांची सरासरी एकपेक्षा जास्त असेल, तर काही आडनावे कायम टिकण्याची शक्यता उरते. फ्रान्समधील बिएनेमे या गणितज्ञाने १८४५ सालीच हे ओळखले होते, पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. आज हेच गणित साथीच्या रोगांचा फैलाव आणि अणुभट्टीतील साखळी प्रक्रिया समजून घेण्यासाठी वापरतात.

हे गणित वर्गात करून पाहता येते. चाळीस मुलांनी चाळीस काल्पनिक आडनावे घ्यावीत. प्रत्येकाने दोन नाणी उडवावीत. जितके छापे पडतील तितके मुलगे. एकही छापा पडला नाही तर ते आडनाव संपले. दोन छापे पडले तर पुढच्या पिढीत त्या आडनावाचे दोन पुरुष झाले. मग त्या प्रत्येकासाठी पुन्हा दोन नाणी उडवावीत. इथे मुलग्यांची सरासरी बरोबर एक आहे, म्हणजे एकूण लोकसंख्या सरासरीने चाळीसच राहील. पण फळ्यावर नोंद ठेवली तर असे दिसेल की पहिल्याच पिढीत दहाच्या आसपास आडनावे जातात. पाच पिढ्यांनंतर सुमारे चोवीस गेलेली असतात आणि दहा पिढ्यांनंतर सुमारे तीस. उरलेल्या दहा आडनावांमध्ये सगळे पुरुष वाटले जातात. त्यातही एखादे आडनाव बरेच फोफावलेले दिसते. त्या आडनावाच्या मूळ पुरुषात काही विशेष गुण नव्हता, त्याची नाणी तशी पडली इतकेच. (आकडे प्रत्येक वर्गात थोडे वेगळे येतील. ते का येतात यावरही चर्चा घ्यावी.)

खऱ्या इतिहासात नाण्यांच्या जोडीला १३४८-४९ ची प्लेगची साथ आली. तिने इंग्लंडची निदान एक तृतीयांश लोकसंख्या नेली. तिच्याबरोबर कित्येक नवी आडनावे एका पिढीतच मिटली असणार.

बापाकडून मुलाकडे

इंग्लंडात आडनाव बापाकडून मुलाकडे जाते. आपल्या पेशींत असेच जाणारे दुसरे काही आहे का? पुरुषाच्या पेशीत एक्स आणि वाय ही लिंगगुणसूत्रे असतात. त्यांपैकी वाय गुणसूत्र फक्त बापाकडून मुलाला मिळते. इतर गुणसूत्रांची दर पिढीत सरमिसळ होते, पण वायचा बहुतेक भाग जसाच्या तसा पुढे जातो. मधूनमधून नक्कल करताना बारीक चुका होतात, म्हणजे उत्परिवर्तने होतात. काही जागी डी.एन.ए.चा छोटा तुकडा ओळीने अनेकदा आलेला असतो आणि त्याच्या आवृत्त्यांची संख्या क्वचित एखाद्या पिढीत एकाने वाढते किंवा कमी होते. अशा पंधरा-वीस जागांच्या आवृत्त्या मोजल्या की त्या वायची जणू ओळखखूण तयार होते. दोन पुरुषांच्या खुणा जुळल्या किंवा अगदी थोड्या फरकाने वेगळ्या निघाल्या, तर त्यांचा पुरुषवंशातील समाईक पूर्वज फार जुना नसतो.

म्हणजे आडनाव हे कागदावरचे वारसाचिन्ह आणि वाय हे पेशीतले. दोन्ही एकाच वाटेने जात असतील तर ती जुळायला हवीत. ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी २००० साली स्वतःच्याच आडनावावर हा प्रयोग प्रसिद्ध केला. साइक्स हा शब्द ओहोळ या अर्थाच्या जुन्या शब्दापासून आला आहे. ओहोळ जागोजागी असतात, म्हणून या आडनावाची मुळेही अनेक असावीत असा समज होता. पण तपासलेल्या ४८ साइक्स पुरुषांपैकी २१ जणांत एकच वाय खूण सापडली.

यापुढचे मोठे काम लेस्टर विद्यापीठात झाले. इथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. फ्रेडरिक अ‍ॅटनबरो हे १९३२ ते १९५१ या काळात लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते आणि त्यांचे मुलगे त्याच आवारात वाढले. १९५७ साली या कॉलेजचे विद्यापीठ झाले. १९८४ साली तिथेच अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डी.एन.ए. ठशांचा शोध लावला. त्याच जनुकशास्त्र विभागात ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी आडनावांचा अभ्यास हाती घेतला. २००६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समान आडनावाच्या पुरुषांच्या दीडशे जोड्या तपासल्या. कोणत्याही दोन समनामी पुरुषांचा त्या आडनावाच्या वंशात समाईक पूर्वज असण्याची शक्यता सरासरी २४ टक्के निघाली. आडनाव दुर्मीळ असेल तर ती जवळजवळ ५० टक्क्यांपर्यंत चढत होती. २००९ साली त्यांनी ४० आडनावांच्या १,६७८ पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्मिथ आडनावाच्या पुरुषांत एकमेकांशी साम्य दिसले नाही. रस्त्यावरून कोणीही गोळा करावेत तसे ते होते. अ‍ॅटनबरोंमध्ये मात्र दहांपैकी जवळजवळ नऊ जणांत एकाच घराण्याची वाय खूण होती.

नऊ जुळले म्हणजे काय?

इथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. त्याआधी थोडे गणित करू. सातशे वर्षे म्हणजे सुमारे पंचवीस पिढ्या. आडनाव आणि वाय यांची ताटातूट अनेक कारणांनी होते. मूल दत्तक घेतले जाते. सावत्र बापाचे आडनाव लावले जाते. अविवाहित आईचे आडनाव मुलाला मिळते. वारसाहक्कासाठी कोणी आडनाव बदलतो. कधी मुलाचा जन्मदाता कागदावरच्या बापाहून वेगळा असतो. लेस्टरच्या संशोधकांनी या सगळ्याचा मिळून अंदाज दर पिढीला सुमारे १ ते ४.५ टक्के असा केला. १ टक्का धरला तर पंचवीस पिढ्यांनंतर शंभरातील ७८ पुरुषांत मूळ वाय उरेल. २ टक्के धरले तर ६० पुरुषांत आणि ४.५ टक्के धरले तर फक्त ३२ पुरुषांत. विद्यार्थी हे चक्रवाढीच्या सूत्राने पडताळू शकतील.

मग अ‍ॅटनबरोंमध्ये नव्वदच्या आसपास कसे? त्यांची घराणी इतरांपेक्षा जास्त काटेकोर होती असे म्हणण्याची गरज नाही. नाण्यांचा खेळ आठवा. आडनावाच्या बऱ्याच शाखा सुरुवातीच्या शतकांत मिटल्या आणि एखादीच शाखा टिकून पुढे फोफावली, तर आजचे सगळे पुरुष त्या एका शाखेचे वंशज ठरतात. त्यांचा समाईक पूर्वज सातशे वर्षांमागे नसून बराच अलीकडचा असू शकतो. जितक्या पिढ्या कमी तितक्या ताटातुटीही कमी. शिवाय आणखी एक बारकावा आहे. त्या टिकलेल्या शाखेच्या खोडातच कधी दत्तक मुलगा आला असेल, तर आजच्या नवांचा वाय त्या दत्तक मुलाचा असेल, पहिल्या अ‍ॅटनबरोचा नव्हे. वाय एकमेकांशी जुळतात यावरून ते एका पुरुषाचे वंशज आहेत इतकेच सिद्ध होते. तो पुरुष कोण, हे गुणसूत्र सांगत नाही.

दहावा, न जुळणारा माणूस मग खोटा अ‍ॅटनबरो का? मुळीच नाही. आडनाव ही समाजाने दिलेली गोष्ट आहे आणि ते त्याला रीतसर मिळाले आहे.

यॉर्कशरचे एक आडनाव

याच संशोधकांना यॉर्कशर परगण्याच्या पूर्व भागातील एका दुर्मीळ आडनावात जे सापडले ते २००७ साली प्रसिद्ध झाले. या आडनावाच्या एका पुरुषाचा वाय मानवाच्या वाय-वंशवृक्षाच्या अगदी बुंध्याजवळच्या शाखेचा निघाला. ही शाखा आफ्रिकेची मानली जाते आणि पश्चिम युरोपात तोवर तिची नोंद नव्हती. त्याचे साम्य पश्चिम आफ्रिकेतील नमुन्यांशी होते. त्या माणसाला आपल्या घराण्यात कोणी आफ्रिकी असल्याची कल्पना नव्हती आणि दिसण्यातही तो इतर इंग्रजांसारखाच होता. मग त्याच आडनावाचे १८ पुरुष तपासले. त्यांपैकी सात जणांत तोच वाय सापडला. चर्चच्या नोंदवह्यांवरून या सातांच्या दोन वंशावळी जुळवता आल्या. दोन्हींची मुळे अठराव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशरमध्येच होती आणि त्या दोन वंशावळी त्याआधी काही पिढ्या एकत्र येत असाव्यात असे वाय खुणांवरून दिसले.

आफ्रिकेचा तो पुरुष इंग्लंडात कधी आला असेल? रोमन साम्राज्याच्या काळात इंग्लंडच्या उत्तर सीमेवर उत्तर आफ्रिकेतील मूर सैनिकांची तुकडी होती. पुढे गुलामांच्या व्यापाराच्या काळात पश्चिम आफ्रिकेतील अनेक माणसे इंग्लंडात आणली गेली. यांपैकी कोणती वाट खरी हे वाय गुणसूत्र ठरवू शकत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट झाली. पिढ्यान्‌पिढ्या एकाच परगण्यात राहिलेल्या, अस्सल यॉर्कशरचे आडनाव लावणाऱ्या माणसाच्या पेशीत आफ्रिकेचा धागा होता. कोण मूळचा आणि कोण बाहेरचा, हे आडनावावरून ठरत नाही आणि एका गुणसूत्रावरूनही ठरत नाही.

एक धागा आणि अख्खे वस्त्र

आता शिबिरातील त्या बाईंच्या प्रश्नाकडे वळू. दुर्मीळ आणि एकाच ठिकाणी जन्मलेल्या आडनावाचे पुष्कळ लोक एका पुरुषाचे वंशज असू शकतात. धंद्यावरून पडलेल्या आणि सगळीकडे पसरलेल्या आडनावाचे लोक तसे नसतात. पण पहिल्या प्रकारातही ‘एक रक्त’ हा शब्द फसवा आहे. तुमचे आईवडील दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. दहा पिढ्या मागे गेलात की पूर्वजांच्या जागा १,०२४ होतात. तुमचे आडनाव आणि वाय गुणसूत्र त्यांपैकी फक्त एका जागेवरून येतात. उरलेल्या १,०२३ जागांवरच्या स्त्री-पुरुषांची आडनावे तुमच्या नावात कुठेच नाहीत. पंचवीस पिढ्या मागे गेलात तर जागा होतात ३ कोटी ३५ लाखांहून जास्त. त्या काळी सगळ्या इंग्लंडातही इतकी माणसे नव्हती! म्हणजे तेच पूर्वज अनेक वाटांनी पुन्हा पुन्हा येतात. आडनावांनी वेगळे दिसणारे शेजारी मागे कुठे तरी एकमेकांचे नातलग निघतात.

आपल्या हजेरीपटावर चाळीस-पन्नास आडनावे असतात. नाव पुकारताना मुलाच्या आडनावावरून त्याच्याबद्दल काही अंदाज बांधण्याची सवय आपल्याला नकळत लागते आणि ती मुलांनाही लागते. म्हणून एक विनंती आहे. नाण्यांचा प्रयोग करताना मुलांची खरी आडनावे वापरू नका, काल्पनिकच घ्या. कोणाचे आडनाव संपले आणि कोणाचे वाढले यावरून वर्गात चिडवाचिडवी नको. प्रयोग संपला की फळ्यावर दोन, चार, आठ, सोळा अशी पूर्वजांच्या जागांची मालिका लिहा आणि त्यांतल्या कितींची आडनावे आपल्याला ठाऊक आहेत हे प्रत्येकाला मनातल्या मनात मोजायला सांगा. बहुतेकांची गाडी आठ-सोळावर अडते. शिक्षकांनीही मोजून पाहावे.